ओला कोसा उडत नाही

मोहाडीत माणसाला धंदा विचारला की तो आधी हात दाखवतो. विणकराच्या बोटांना घट्टे असतात, धानवाल्याच्या नखांत चिखल असतो आणि कचेरीतल्या बाबूच्या अंगठ्याला शाई. रेणूचे हात स्वच्छ होते. त्यामुळे ती नागपूरला नेमकं काय करते, हे कोणालाच पटत नव्हतं.

ती कार्टून सिनेमातले कपडे पाडायची. म्हणजे चित्रातलं माणूस वळलं की त्याचा सदरा कसा वळावा, वारा आला की बाही किती फुगावी, बसल्यावर चुण्या कुठे पडाव्यात, हे ती कॉम्प्युटरवर ठरवायची. तिचे वडील टेकचंद जन्मभर मागावर कोसा, म्हणजे इकडचं रानातलं रेशीम, विणत आले होते. त्यांना तिने हे एकदा नीट बसून समजावलं होतं.

"म्हणजे कपडा नाही," टेकचंद म्हणाले.

"नाही बाबा."

"पण तो पडते."

"हव."

"अन् याचा पगार देतात."

"हव."

"बरं हाय मंग," असं ते ज्या आवाजात म्हणाले, त्या आवाजात मोहाडीत लोक एकमेकांना मयतीची वेळ कळवतात.

आता हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीने रेणूला बोलावलं होतं आणि सोमवारपर्यंत होकार मागितला होता. दुसरीकडे अड्याळचे भैय्याजी होते. त्यांचं कापडाचं दुकान. टेकचंदांचा कोसा वर्षानुवर्षं तेच घेत आले होते, आणि आता त्यांना आपल्या मुलासाठी, चंदनसाठी, टेकचंदांची मुलगीही हवी होती. "आमची अट काहीच नाही जी," ते म्हणायचे, "पोरगी घरी राहिली म्हणजे झालं." अट नसलेल्या स्थळांची हीच पंचाईत असते, नाही म्हणायला जागाच सापडत नाही.

टेकचंदांचा कल अड्याळकडे होता. अड्याळ दिसतं, तिथे बस जाते. न विचारता हैदराबादला गेली असती तरी रेणूला कोणी दोरीने बांधलं नसतं. पण तिला पळून जायचं नव्हतं, जायचं होतं. ती रडली नाही, रुसली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, भंडाऱ्याले सिनेमा लागला हाय. त्याच्यात माह्यं काम हाय. तो पाहा, अन् मंग काय सांगायचं ते सांगा." पोरीला नाही म्हणण्यापेक्षा सिनेमा पाहणं सोपं, म्हणून टेकचंद तयार झाले.

तसा भंडाऱ्याला सिनेमा लागणं ही बातमीच. जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा गोंदियावाले गोंदिया घेऊन गेले, आम्ही भंडारा ठेवून घेतलं, आणि तेव्हापासून दोन्हीकडचे लोक चांगल्या सिनेमासाठी नागपूरला जातात. तरी हा लागला होता. पोस्टरवर एक अख्खं कुटुंब हवेत उडत होतं आणि खाली 'सहपरिवार पाहा' असं छापलं होतं.

रविवारी दुपारी काळी-पिवळी जीप दारात उभी असतानाच भैय्याजी आणि त्यांच्या पत्नी रत्नाबाई पक्कं करायला म्हणून येऊन ठेपले. पाहुण्यांना घरी बसवून निघता येईना, आणि जीप परत पाठवता येईना. टेकचंदांच्या पत्नी सुमित्राबाई यांनी निकाल दिला, "चाला ना जी तुम्हीबी. घरचाच सिनेमा हाय."

"फॅमिलीचा हाय काय?" भैय्याजींनी विचारलं.

"फॅमिलीचाच हाय," रेणू म्हणाली. तिचा चेहरा मात्र वधूपरीक्षेला पाचशे लोक बोलावल्यासारखा झाला होता.

टॉकीज भरलेली होती. निम्मी पोरं, आणि उरलेल्या निम्म्यांत पोरांना घेऊन आल्याचं निमित्त करणारे. सिनेमा विलायती, बोली हिंदी. त्यात बाप इमारत उचलायचा, आई उडायची, म्हातारे सासरे भिंतीतून आरपार जायचे आणि धाकटी मुलगी ज्याला हात लावील तो झोपी जायचा. ही सगळी मंडळी आपली शक्ती लपवून साध्या गल्लीत राहत होती आणि शेजाऱ्यांना कशाचाच पत्ता नव्हता. प्रेक्षकांना पहिला धक्का बसला तो इथे.

"शेजाऱ्यायले माहीत नाही?" मागून कोणीतरी म्हणालं. "कुठचं गाव हाय बे हे?"

सासरे भिंतीतून गेले तेव्हा एका म्हाताऱ्याने तहसील कचेरीतही असंच जाता आलं पाहिजे, अशी सूचना मांडली. तिला टाळ्या पडल्या. आई स्वयंपाक टाकून खिडकीतून उडाली, तेव्हा सगळी पोरं ओरडली आणि सुमित्राबाईंनी रेणूचा हात धरला.

"गॅस बंद नाही केला तिनं."

"आई, जग बुडून राहिलं तिकडं."

"बुडन ना. पण दूध उतू जाईन त्याचं काय?"

पुढचा बराच वेळ सुमित्राबाई त्या दुधाच्याच काळजीत होत्या. भैय्याजी वेगळाच हिशेब करत होते. "हा बाप दर मारामारीत शर्ट फाडते," ते बायकोच्या कानात म्हणाले. "असं एक गिऱ्हाईक अड्याळले पाहिजे होतं." रत्नाबाई पडद्यावरच्या बाईकडे बघत होत्या.

टेकचंदांची हनुवटी वर, डोळे बारीक, हात मांडीवर. बाजारात दुसऱ्याचं ठाण बघताना ते असेच बसतात.

मध्यंतराच्या जरा आधी पोरांनी भरलेली बस पुलावरून नदीत गेली. आईने वरून सूर मारला, पाण्यात दिसेनाशी झाली, टॉकीज श्वास धरून बसली. मग ती बस डोक्यावर घेऊन पाणी फोडत बाहेर आली आणि सरळ आभाळात निघाली. खांद्यांना बांधलेला लांब लाल पदर मागे फडफडत होता. शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा.

टेकचंद उभे राहिले.

"हे खोटं हाय!" ते म्हणाले. माग चालत असताना बोलायची सवय, त्यामुळे आवाज बाल्कनीपर्यंत गेला.

"बसा ना बाबूजी!"

"आता पाण्यातून निघाली ना ती? कपडा ओला काहून नाही?"

"मामा, कार्टून हाय ते!" एक कॉलेजचा पोरगा ओरडला.

"कार्टून हाय तं काय झालं? पाणी तं पाणीच असते ना? रेशमाचा कपडा हाय तो. ओला झाला तं अंगाले चिकटन, लोंबन. असा फडफडन काय?"

मग बायकांच्या बाजूने एक आवाज आला, "बराबर बोलून राह्यले भाऊ. नदीवर लुगडं भिजलं तं घरापर्यंत चालवत नाही. हे बाई उडून कशी राहिली?"

"हव नं बाप्पा," दुसरी म्हणाली, "अन् पिळलंबी नाही तिनं."

बाई उडते, हे ज्या टॉकीजने हूं न करता मान्य केलं होतं, त्या टॉकीजने कोरडा पदर मान्य करायला साफ नकार दिला. पुढच्या रांगेतून, मागच्या रांगेतून मतं येऊ लागली आणि तेवढ्यात मध्यंतर झालं. रेणू तोपर्यंत खुर्चीत जेवढं खाली सरकता येतं तेवढी सरकली होती.

बाहेर आलुबोंड्याच्या गाडीपाशी टेकचंदांनी तिला गाठलं.

"तो कपडा तू केला?"

"हव."

"कोसा हाय?"

"कोसाच हाय. तुमचाच. दिवाळीत उपरणं झटकून राहिले होते ना तुम्ही, तेव्हा मी मोबाइलमध्ये घेतलं होतं. त्याच्यावरून केला."

टेकचंदांनी हे ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "मंग बिघडवला काहून? एवढा चांगला पडत होता नदीच्या आधी. ओला कसा पडते ते माहीत नाही तुले? घरात काय पॉलिस्टर पाह्यत मोठी झाली?"

आता रेणूही चिडली. "मी ओलाच केला होता, बाबा! अंगाले चिकटला होता, खालून पाणी गळत होतं, उडताना जड जात होता. आठवडाभर त्याच्यातच होती मी. वरून निरोप आला, हिरोईन थकल्यावानी दिसते, पदर उडव. मी म्हटलं, साहेब, ओला कोसा उडत नाही. ते म्हणे, पाहणाऱ्यायले काय समजते?"

टेकचंदांचा आलुबोंडा तोंडाजवळ थांबला.

"काय समजते म्हणे?"

"हव."

"अख्ख्या टॉकीजले समजलं."

"मले दिसलं ना ते."

"तू ऐकलं कायले मंग त्यायचं?"

"मी सगळ्यात खाली हावो तिथं. सांगितलं तेवढं करतो."

"अन् हैदराबादले?"

"हैदराबादले कपड्याचं मी सांगन. बाकीचे करतीन."

भैय्याजी शेजारीच उभे राहून रस्सा पीत होते. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "टेकचंदजी, पडद्यावरच्या कपड्यासाठी पोरीसंग कायले भांडता? तो काय विकता येते?"

"खराब निघाला तं भांडावंच लागते जी," टेकचंद म्हणाले.

सुमित्राबाईंनी आपला अर्धा आलुबोंडा रेणूच्या हातात ठेवला. नवरा कोणत्या कपड्याला 'बरं हाय' म्हणतो आणि कोणत्यात खोड काढतो, हे त्यांना लग्नापासून माहीत होतं. बाजारातल्या छापील साड्यांना तो सरसकट बरं हाय म्हणायचा.

उत्तरार्धात टॉकीज वेगळाच सिनेमा बघत होती. खलनायकाकडे फारसं कोणाचं लक्ष नव्हतं. आई पडद्यावर आली की डोकी पुढे व्हायची. कारंज्याजवळून गेली तरी मागून विचारणा व्हायची, "मामा, पाहा, शिंतोडे उडाले. चालते काय?"

"तेवढं चालते," टेकचंद निर्णय द्यायचे, आणि सिनेमा पुढे सरकायचा.

शेवटी पाऊस आला. शहर अर्धं कोसळलेलं, बाप ढिगाऱ्याखाली, मुलगी हरवलेली. आई रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि पाऊस तिच्यावर पडत होता. ती उडायला गेली आणि उडालीच नाही. पदर भिजून काळपट झाला होता, खांद्यावरून ओघळून पायाला वेढला होता, टोकातून पाणी गळत होतं. तिने एक पाऊल टाकलं, पदर मागे ओढला गेला. तिने दुसरं टाकलं. मग भिंतीतून सासरे बाहेर आले. त्यांनी पदराचं टोक उचललं, पिळलं, आपल्या खांद्यावर घेतलं आणि तिच्या मागून चालू लागले.

टॉकीजमधलं प्रत्येक डोकं पुढे झालं. मघाच्या कॉलेजच्या पोराचंही.

"आता?" कोणीतरी अगदी हळू विचारलं.

"आता बराबर हाय," टेकचंद म्हणाले. "पाहा, खांद्यावर कसा बसला."

अंधारात रेणू म्हणाली, "हे माह्यंच हाय. हे त्यायनं बदलवलं नाही, नजरेतून सुटलं." टेकचंदांचा मांडीवरचा हात पडद्यावरच्या त्या ओल्या टोकाच्या दिशेने उठला आणि दोन बोटांत सूत धरून बघतात तशी त्यांची बोटं जराशी चोळली गेली.

"थकली वं बाई," रत्नाबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. भैय्याजींनी त्यांच्याकडे पाहिलं. हसावं की पाणी आणावं हे त्यांना ठरवता येईना.

जग वाचलं. दिवे लागले. लोक चपला शोधू लागले, पण टेकचंदांची रांग जागची हलली नाही, कारण पडद्यावर नावं येत होती. मुंग्यांसारखी नावं, वर चढणारी.

"माह्यं येणार नाही, बाबा," रेणू म्हणाली. "कंपनीचंच येते."

"कपड्यावर तरी कुठं येते विणणाऱ्याचं?" टेकचंद म्हणाले. "दुकानाचंच येते."

भैय्याजींनी बाहेर जाण्याच्या दरवाजाकडे अत्यंत बारकाईने पाहायला सुरुवात केली.

जीपपाशी आल्यावर शेवटी त्यांनीच विषय काढला. "मंग टेकचंदजी, आपलं काय समजायचं?"

टेकचंदांनी उपरणं झटकलं, नीट घडी घातली. "पोरगी हैदराबादले जाते जी."

"कायमची?"

"ते तिले माहीत. कोणी म्हणते, पाहणाऱ्यायले काय समजते. असं म्हणणाऱ्याच्या हाताखाली ठेवायची नाही मले तिले."

"अन् आमचा चंदन?"

उत्तर रत्नाबाईंनी दिलं. "चंदनचे काय पाय मोडले? हैदराबादले गाडी जाते. तिथचे लोक काय कपडे घालत नाहीत?"

"तू कोणाकडून आली वं?" भैय्याजी थक्क झाले. "दुकान कोण पाह्यन?"

"तुम्ही पाहा ना जी. इतकी वर्षं पाहून राह्यले."

"काकू," रेणू म्हणाली, "मले तं कोणी विचारा अगोदर."

"विचारतो ना बाई, पण त्याच्या अगोदर मले चंदनले पाहू दे," रत्नाबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी त्याले इथं आणतो अन् हाच सिनेमा दाखवतो. ते बाई पावसात चालते ना, तेव्हा तो हसला तं मीच नाही म्हणन. तुह्यावर पाळी नाही येणार."

वधूपरीक्षा रेणूने ऐकली होती. वराला अंधारात बसवून त्याचा चेहरा बघायची पद्धत अड्याळकडून निघेल, असं तिला वाटलं नव्हतं. तिला हसू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

जीप निघाली. भैय्याजी ड्रायव्हरशेजारी बसून रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत होते. मागे रत्नाबाई सुमित्राबाईंना विचारत होत्या, त्या दुधाचं पुढे काय झालं हे सिनेमात दाखवलं का, की आपल्याच नजरेतून सुटलं. रेणूने मोबाइल काढला. रविवार होता, कंपनी बंद असणार. तरी तिने लिहायला घेतलं.

टेकचंद वाकून मोबाइलच्या पडद्याकडे बघू लागले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

"काय लिहून राहिली?"

"येतो म्हणून."

"लिही," ते म्हणाले. "अन् ओल्या कपड्याचं आत्ताच सांगून ठेव त्यायले. मागून भांडण नको."