अँटेनाची मान

दसऱ्यापासून अजिंक्यचा फोन येईना आणि सोपानरावांचं टाळकं फिरलं. पोरगा गावालगतच्याच कंपनीत, पण राहायला बायकोसह कासारवाडीला गेलेला. शिफ्ट सुटली की गेटबाहेर बसची वाट बघत रोज बापाला फोन करायचा. आता विचारलं तर म्हणे, "अप्पा, त्या वेळेला लागतच नाही. घरी पोचलो की राहून जातं!"

"बहाणे समदे! टॉवर आपल्याच गच्चीवर, अन् फोन आपल्यालाच लागंना व्हय?" सोपानराव बायकोवर खेकसले. शालनबाई डोळे पुसत आत गेल्या. खेकसले खरे, पण जीव त्यांचाही तुटत होता.

शिफ्ट सुटताना साऱ्या महाळुंगे गावातच फोन लागत नाहीत अशी ओरड झाली, तेव्हा मोबाइल कंपनीची इंजिनीअर वर्षाली आली. गच्चीवर चढली आणि कपाळावर हात मारून हसायलाच लागली. अँटेनाला झेंडूचं तोरण, हळदीकुंकू, आणि मागं ठोकून बसवलेला लाकडी ठोकळा!

"काका, हे कुणी केलं?"

"म्या. दसऱ्याला पूजा कराया चढलो, तर बिचारा मान टाकून हुबा. म्हटलं नट ढिले झाले. केला ताठ!"

"अहो, उन्हाळ्यात मीच मुद्दाम वाकवला होता! आमच्या कंपनीकडं फोनच्या लहरी मोजक्याच. त्याच आपल्या टॉवरला, त्याच शेजारच्या. हा ताठ झाला की ह्याचा आवाज पार शेजारच्या हद्दीत जातो. शिफ्ट सुटली, सगळ्यांनी फोन काढले, की नुसता कालवा. खाली बघून आपल्यापुरतं बोलला, तर त्याच लहरींवर दोघांचंही भागतं."

सोपानराव ओशाळले. जत्रेत शेजारीशेजारी दोन कर्णे लागल्यावर काय होतं, ते त्यांनी पुष्कळदा ऐकलं होतं. वर्षालीनं ठोकळा काढला, अँटेना वाकवला, नट आवळले. तोरण मात्र सोडून खालच्या खांबाला बांधलं.

चहा होईस्तोवर कंपन्यांचे भोंगे झाले. सोपानराव फोन मांडीवर घेऊन बसले. गेट उघडलं असंल, पोरगा भाईर आला असंल. आन् न्हाईच केला तर?

फोन वाजला.

"अप्पा! लागला एकदाचा! रोज करतोय, आईशप्पथ!"

सोपानरावांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"व्हय रं लेकरा. तू करत व्हतास. म्याच येऊ देत नव्हतो."

"म्हणजे?"

"रविवारी ये, सांगतो. थांब, आधी आईसंगं बोल." आणि त्यांनी शालनबाईंना हाक मारली.