निरोपाच्या कॅसेटवरची पट्टी

बाईंनी तीस वर्षं परीक्षेच्या वर्गांवर पहारा केला होता. त्यात नजर अशी काही तयार झाली होती की सरळ मान खाली घालून लिहिणारं पोरही त्यांना कॉपी करताना दिसायचं. तेव्हा आईची व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्या दुकानदारावर त्या विश्वास टाकतील, हे शक्यच नव्हतं.

"दोन तासांची कॅसेट उतरवायला दोन तासच लागतात," तो म्हणाला. "ठेवून जा, उद्या या."

"मी बसते," म्हणत बाईंनी खुर्चीवरचं वायरींचं भेंडोळं उचलून बाजूला ठेवलं आणि त्या बसल्यासुद्धा.

आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली आणि स्वतःचा आवाज मात्र मागे ठेवला नाही. फोटो ढीगभर, आवाज तेवढा या एका कॅसेटमध्ये, निवृत्तीच्या दिवशीच्या निरोपाच्या भाषणाचा. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. अलीकडे बाईंना तो आवाज आठवेनासा झाला होता. याची त्यांना भीती वाटायची, पण बोलणार कुणाजवळ?

कॅसेट होती वहिनीच्या कपाटात. मागितली की वहिनीचं ठरलेलं उत्तर, "सापडत नाहीये, वन्सं." शेवटी बाई स्वतःच कपाटात शिरल्या, तर म्हणते कशी, "असू द्या ना, कशाला उगाच उकरून काढायचं?" तिथेच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पोटात काही नसतं तर माणूस असं बोलतं का?

दुकानदाराने कॅसेट उलटसुलट पाहिली आणि कडेच्या खाचेवर बोट ठेवलं. तिथे पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. "इथला प्लॅस्टिकचा तुकडा मोडला की कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. तो मोडलेला होता. नंतर कुणीतरी ही पट्टी लावलीय. पट्टी लावली की पुन्हा होतं."

"म्हणजे आतलं पुसलंय?"

"बघू या."

बाईंनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला. वहिनी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली, मालिकांचं भारी वेड. दुसरं कोण असणार?

पडद्यावर हॉल आला, साहेब लोक आले, त्यांची लांबलचक भाषणं झाली. चाळीस मिनिटांनी आई उठली. पदर सारखा केला, हातातला कागद उलगडला, तोंड उघडलं, आणि चित्र फरफरून गेलं.

"इथून पुढे वरून दुसरं काही रेकॉर्ड केलंय," दुकानदार म्हणाला.

बाईंनी फोन लावला. "वहिनी, खरं सांग. आईच्या भाषणावर मालिका कुणी घेतली?"

वहिनी म्हणाली, "मीच, वन्सं. चुकलंच माझं. आता ते मशीन बंद करा आणि घरी या."

बाई चपापल्या. तीस वर्षांत एकाही पोराने इतक्या सहज गुन्हा कबूल केला नव्हता.

तेवढ्यात पडदा स्थिर झाला. मालिका नव्हतीच. नुसती फरशी दिसत होती, आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट घातलेल्या मुलीचा आवाजही तसाच तोऱ्यात होता, "दादा, सुरू झाला का कॅमेरा? पट्टी लावलीय मी, होईल रेकॉर्ड."

मग दुसरा आवाज, थोडा घोगरा, प्रत्येक शब्द सुटा. "घ्या गं, बिनधास्त घ्या. माझं बोलणं काय, रोज ऐकताच की घरात. हिची फायनल पुन्हा होणार आहे का?"

मग बॅडमिंटनचं कोर्ट आलं आणि वीस वर्षांच्या बाई सर्व्हिस करू लागल्या. मॅच कॅसेट संपेपर्यंत होती.

फोन अजून कानाशीच होता. "बंद केलंत ना, वन्सं?"

"तुला ठाऊक होतं."

"आईंनी बजावलं होतं. म्हणाल्या, तिच्या लक्षातही नाही, राहू दे. कळलं तर जन्मभर मनाला लावून घेईल."

बाईंना रडू आवरेना. आपण जिच्यावर आळ घेतला, तिने तो गुपचूप अंगावर घेतला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली. दुकानदार उगाच वायरी गुंडाळत बसला.

"वहिनी," त्या कशाबशा म्हणाल्या, "तू अशीच नीघ आणि इकडे ये. आईचा आवाज आहे यात. थोडाच आहे, पण आहे."