हिरव्या दिव्यावर थांबणारी माणसं

दगडखाणीच्या उताराखालच्या चौकात दिवा हिरवा झाला आणि नेहमीसारखी एकही गाडी हलली नाही.

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या ताईंनी स्टिअरिंगवर बोटं आपटली. मुलं त्यांना व्हॅनताई म्हणत. नवऱ्याची बदली झाली म्हणून त्या या गावात आलेल्या, आणि नोकरी अजून कच्चीच होती. मुलांना एकदोनदा उशीर झाल्यावर मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आवाज न चढवता सांगितलं होतं, "पुन्हा असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

आणि इथे समोर दूधवाल्याचा टेम्पो, शेजारी पोस्टमनची स्कूटर, दोघंही फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे ढिम्म. टेम्पोआडून दिसत होता तेवढा रस्ता तर मोकळा होता. मग एकाएकी सगळे निघाले, तेही दिवा लाल व्हायच्या बेतात असताना. व्हॅन मागेच अडकली.

सगळ्यांची नजर कुठे असते, ते ताईंनी हेरून ठेवलं होतं. कोपऱ्यावरच्या बाकावर, सगळं गाव ज्यांना मामा म्हणे ते म्हातारे गृहस्थ बसलेले असायचे. ताईंच्या आधी ही व्हॅन मामाच चालवायचे. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरी बसले. त्यांच्या तोंडासमोर वर्तमानपत्र असलं की चौक थिजायचा. त्यांनी ते खाली घेतलं की चौक हलायचा.

"मामांचा भाचा गाडी चालवतो आणि सध्या रिकामा आहे," त्यांनी रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. "मला उशीर व्हावा म्हणून सगळे मिळून हे करतात."

"अख्खं गाव? तुझ्या एका व्हॅनसाठी?" नवरा हसला. "तुला ना, चहाच्या कपातही कट दिसतो."

"दिसतो, कारण असतो."

दुसऱ्या दिवशीपासून चौकात थांबलं की ताई मामांकडे टक लावून बघू लागल्या. कळू दे म्हाताऱ्याला, आपल्याला सगळं समजलंय. मामांनी एकदा मान डोलावली. म्हणजे निर्लज्जपणाची कमाल झाली.

त्या आठवड्यात एका सकाळी व्हॅनमधल्या जुळ्या भावांचे बूट घरी सापडेनात आणि निघायलाच उशीर झाला. नशिबाने चौकात व्हॅन सगळ्यांच्या पुढे होती. दिवा हिरवा झाला. मामांचं वर्तमानपत्र वरच होतं.

"आज नाही हं मामा," असं पुटपुटत ताईंनी गिअर टाकला.

पुढच्या सीटवर बसणारी चिमणी म्हणाली, "ताई, हिरव्याला लगेच जायचं नसतं."

"का नसतं?"

"नसतंच."

व्हॅन अर्धी चौकात गेली असेल नसेल, डावीकडच्या घरांआडून दगडांनी भरलेला ट्रक उतरत आला. त्याचा हॉर्न कानाचे पडदे फाडत होता. ताईंनी ब्रेकवर सगळा भार टाकला. ट्रक व्हॅनच्या नाकासमोरून सुसाट गेला आणि उतार संपल्यावर पार पुढे जाऊन थांबला. मुलं एकमेकांवर आदळली, पण कोणाला लागलं नाही. दप्तरं तेवढी सगळीकडे झाली.

ताईंनी व्हॅन कडेला घेतली, एकेक मूल नीट बघितलं आणि मग बाकाकडे गेल्या. मामा उभे होते.

"उतारावर भरलेल्या ट्रकला ब्रेक लागत नाही. लाल दिसला तरी बिचारा थांबणार कसा?" मामा म्हणाले. "ही घरं आड येतात, गाडीतून वरचं दिसत नाही. बाकावरून दिसतं. ट्रक असला की मी पेपर वर धरतो."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"अहो, तुम्ही रोज माझ्याकडेच तर बघत होता. मला वाटलं, कोणीतरी सांगितलं असेल. मी मानसुद्धा डोलावली की."

ताई व्हॅनकडे परतल्या आणि त्यांनी मुलांची दप्तरं गोळा केली.

शाळेत पोचायला अर्थातच उशीर झाला. मोठ्या बाईंसमोर त्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं, स्वतःच्या संशयासकट. "मुलांना घ्यायला मी लवकर निघेन," त्या म्हणाल्या. "पण त्या चौकात घाई करणार नाही. चालत नसेल तर दुसरा माणूस बघा."

बाई म्हणाल्या, "दुसरा माणूस बघायचा तर तोही त्याच चौकातून येणार. लवकर निघा. पालकांशी मी बोलते." ताई दाराशी पोचल्यावर त्या पुन्हा म्हणाल्या, "मामांनी हे तुम्हाला आज सांगितलं? कमाल आहे. परवाच ते भाच्याला घेऊन आले होते. म्हणत होते, नव्या बाईंना जमत नसेल तर हा आहे."

पुढच्या सकाळी चौकात दिवा हिरवा झाला. कोणी हललं नाही; ताईही हलल्या नाहीत. थोड्या वेळाने मामांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि हसून हात केला. ताईंनीही हात केला.

मग त्यांनी काच खाली केली आणि मुलांना म्हणाल्या, "गप्प बसा बरं सगळे. उतारावरून काही ऐकू येतंय का, सांगा."

मागचे हॉर्न वाजवू लागले. मुलांनी श्वास रोखून कान दिले.

"काही नाही, ताई," चिमणी म्हणाली.

तेव्हा कुठे ताईंनी गिअर टाकला.