युद्धनौकेवर पाळलेले व्रत

मित्रांनो, सोलापूरला समुद्र नाही. तरीही जुळे सोलापुरातल्या एका घरात देवापुढे दिवा लागला, की माझी चौकशी होत असे. मी एका परदेशी आरमारातली जुनी विमानवाहू नौका आहे.

मला बांधायला सात वर्षे लागली. पाठीवर विमाने उतरतील एवढी धावपट्टी दिली, पोटात दोन अणुभट्ट्या बसवल्या. एकदा इंधन भरले, की पंचवीस वर्षे बघायला नको. भूकंप झालेल्या एका किनाऱ्याला मी पिण्याचे पाणी पुरवले, तेव्हा वर्तमानपत्रांत माझे फोटो आले. 'हिला काही लागत नाही,' असे अधिकारी कौतुकाने म्हणत. त्या कौतुकाने मी फुगले, हे कबूल करते.

माझ्या शेवटच्या फेरीत ज्ञानदा नावाची सोलापूरची लेक माझ्या स्वयंपाकघरात होती. लग्न होऊन परदेशी गेली, तिथलीच झाली, आरमारात शिरली. सहा महिन्यांत परतते, असे तिने आईला, यशोदाबाईंना, सांगितले होते. त्या माउलीने त्याच दिवशी संकल्प सोडला, लेक किनाऱ्याला लागेपर्यंत एकच वेळ जेवीन.

सहा महिने सरले. माझ्या जागी येणारी नौका दुरुस्तीत अडकली. मला इंधनाची ददात नव्हती, म्हणून मुक्काम वाढला, मग पुन्हा वाढला. पोटातल्या पाच हजार माणसांना कोणी विचारले नाही. आठव्या महिन्यात ज्ञानदाच्या भावाचा, राजसचा, निरोप आला. आई ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. साखरेचा त्रास आहे, डॉक्टर दोन्ही वेळ जेवा म्हणतात, पण ती ऐकत नाही.

ज्ञानदाने फोन लावला.

"आई, डॉक्टरांचं ऐक की."

"डॉक्टरांना कुठं शब्द दिलाय मी? देवाला दिलाय."

"आणि मी येईपर्यंत तूच राहिली नाहीस तर?"

"तिन्हीसांजेला असं बोलू नये. आज काय रांधलंस ते सांग."

"पाच हजार माणसांचं रांधलं. माझी आई सोडून सगळे जेवले."

बोलता बोलता ज्ञानदाला आजीचे उपास आठवले.

"आई, आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचे सोमवार कोणी केले?"

"मीच केले. घरातल्यानं केलं तर चालतं."

"मग मी घरातली नाही का? माझं रात्रीचं जेवण मी सोडते. आजपासून तू दोन्ही वेळ जेवायचंस."

"अगं, दिवसभर शेगडीपुढं उभी असतेस. झेपायचं नाही तुला."

"तुला साठीत झेपतं आणि मला तिशीत झेपायचं नाही होय?"

"आई, हरलीस तू," मागून राजस हसला.

यशोदाबाई उठून देवापुढे गेल्या. ज्ञानदा फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिली. बऱ्याच वेळाने ताटाचा आवाज आला.

"फोन ठेवू नकोस गं," यशोदाबाई म्हणाल्या. "जेवते मी."

पुढचे त्रेचाळीस दिवस ज्ञानदा रोज रात्री शेकडो ताटे वाढायची आणि स्वतः पाणी पिऊन झोपायची. माझ्या नोंदवहीत त्या दिवसांपुढे फक्त 'सुरळीत' असे लिहिले आहे. किनारा लागला, त्या दिवशी मायलेकी फोन समोर ठेवून एकमेकींच्या संगतीने जेवल्या.

आता मी धक्क्याला बांधलेली आहे. रंगाचे पोपडे निघालेत. अणुभट्ट्या जपून काढायच्या, म्हणून मला मोडायचीही घाई करता येत नाही. जाण्याआधी एवढेच मागते. घरात कोणी तुमच्यासाठी सोसत असेल, तर 'कशाला करतेस?' म्हणून तिला गप्प करू नका. त्यातला थोडा वाटा मागून घ्या. ती नाही म्हणेल. तरी मागा.