पाण्यातले ढग

बुटकीच्या दादाने जन्मात एकही ग्राफिक्स कार्ड वेळेवर घेतलं नाही. नवीन कार्ड यायच्या कितीतरी आधीपासून त्याचे अंदाज सुरू व्हायचे: संगणकावरच्या चित्रांचा वेग दीडपट, किंमत तीच. ते बाजारात आलं की म्हणायचा, थोडं थांबू, भाव उतरेल. भाव उतरेपर्यंत पुढच्याच्या बातम्या यायच्या आणि स्वारी पुन्हा तिथेच. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

लहानपणी घरात संगणक एकच. गाड्यांच्या खेळात दादा गाडी वळवायचा आणि बुटकी वेग सांभाळायची, कारण कीबोर्ड एक आणि भांडणं फार. रस्त्याकडेला एक तळं होतं, निळा कागद चिकटवल्यासारखं. तळ्यापाशी आलं की चित्र हमखास अडखळायचं.

"पुढच्या कार्डात बघ, बुटके, पाण्यात ढग दिसतील."

मग खेळ राहायचा बाजूला आणि दोघं त्या ढगांबद्दल बोलत बसायची. बुटकीला त्या खेळातला एकही विजय आठवत नाही, पण ती बोलणी आठवली की अजून जीव कासावीस होतो.

आता दादाचे केस पिकले होते आणि नजर कडांकडून मिटत चालली होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता: मधलं थोडं उरलंय, वर्षअखेरपर्यंत टिकेलच असं नाही. आणि नवीन कार्ड येणार होतं वर्षअखेरीस. तरी दादा रोज अक्षरं मोठी करून बातम्या वाचायचा आणि म्हणायचा, "या खेपेला मेमरी दुप्पट म्हणे. थांबू या."

बुटकी इमारतींचे नकाशे काढायची. घाईचं काम तिला सोसत नसे. त्या दिवशी मात्र ती ऑफिसातून तडक दुकानात गेली.

"ताई, जरा थांबा," दुकानदार म्हणाला. माणूस भला होता. "नवीन येतंय. मग हेच स्वस्तात देईन."

"आमच्या घरी थांबण्यातच हयात गेली. द्या तुम्ही."

दादा व्हायचा तेवढा चिडला. "गंडवलं तुला. जुना माल गळ्यात मारला." पण कार्ड त्यानेच बसवलं. दिसत नव्हती ती खाच बोटांनी चाचपून शोधली, आणि बुटकीला स्क्रूसुद्धा लावू दिला नाही.

त्याच खेळाची नवी आवृत्ती सुरू झाली. तळं आलं. चित्र अडखळलं नाही. बुटकीने वेग सोडला, गाडी काठाशी थांबली. पाण्यात ढग होते, आणि सावकाश सरकत होते. दादा पडद्याला नाक लावून, मान इकडून तिकडे फिरवत, तुकड्यातुकड्याने ते बघत राहिला.

"झालं," तो शेवटी म्हणाला. "आता पुढचं नको मला."

हेच ऐकायला तर तिने सगळा खटाटोप केला होता. पण दादा कशाचीच वाट बघत नाही, असा दिवस तिने आजवर पाहिला नव्हता.

"नको कसं?" ती म्हणाली. "पुढच्यात पाऊस पडला की काचेवरचा थेंबन् थेंब वेगळा ओघळणार म्हणे. किंमतही वाढवणार नाहीत."

दादाने मान वळवली. उरलेल्या नजरेत तिचा चेहरा सापडायला त्याला थोडा वेळ लागला.

"वाढवणार नाहीत?" तो म्हणाला. "कोण म्हणतं?"