नेलपॉलिशखालचा तडा

डोंगरातल्या, खाणींच्या ओरुरो शहरातल्या आमच्या शाळेत पोरांची एक ड्रोनची टीम होती. शिकवायला विल्फ्रेदो सर, आम्ही त्यांना प्रोफे म्हणायचो. माणूस झटणारा, रविवारीही शाळेत यायचा, पण तोंडाचा फटकळ. कुणी पातं मोडलं की सगळ्यांसमोर म्हणायचा, "आले बघा दगडी हात." वर आठ दिवस यंत्राला शिवू द्यायचा नाही. बाकीची पोरं हसायची. आपल्यावर पाळी येईपर्यंत हसतातच सगळे.

आमच्या उंचावर हवा पातळ. पाती जोरात फिरवावी लागतात, तेव्हा कुठं यंत्र वर उठतं. म्हणून केसाएवढा तडा दिसला तरी पातं फेकायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

कोचाबांबा शहरातली ड्रोनची स्पर्धा चार दिवसांवर आलेली. टीममधल्या एदसननं कोड लिहिला होता, यंत्र आपलं आपण टांगलेल्या गोल कड्यांतून जायचं. बिघडलं तर दायाना कोल्केनं हाती घ्यायचं. सोमवारी तिच्या हातून यंत्र भिंतीला घासलं. एका पात्याला बारीक तडा गेला. तिनं इकडंतिकडं बघितलं, दप्तरातलं काळं नेलपॉलिश काढलं आणि तडा बुजवला.

मंगळवारी तिसऱ्या फेरीला ते पातं तुटलं. संरक्षणाचे चष्मे दोनच, एक दायानाच्या डोळ्यावर, एक प्रोफेच्या. एदसन लॅपटॉप धरून बाजूला उभा होता. तुकडा त्याच्या डाव्या डोळ्यात गेला.

डोळा राहील, नजर नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रोफेनं टीमला वर्गात उभं केलं. "ते पातं कुणाचं? नाव पाहिजे मला."

"माझं, प्रोफे," दायाना म्हणाली. "तडा दिसला होता मला. पॉलिश लावलं."

"यंत्र काय तुझी बाहुली आहे, नटवायला? चालती हो. टीममध्ये तू नाहीस."

दारात शाळेची झाडलोट करणारी एउफ्रासिया बाई उभी होती, सगळे तिला मानानं दोन्या म्हणायचे. "पोरीला थांबू द्या, प्रोफे."

"दोन्या, तुम्ही मध्ये पडू नका."

"पडणार. माझा नवरा खाणीत होता. छताच्या टेकूला तडा गेलाय असं कुणी सांगितलं, की मुकादम त्याच्याच पगारातून कापायचा. मग गडी सांगेनासे झाले. तड्यावर चिखल थापायचे. एक दिवस छत कोसळलं, नवऱ्याचं मढं तिसऱ्या दिवशी बाहेर काढलं मी."

"त्याचा इथं काय संबंध?"

"हिनं चूक केली. ती हिला जन्मभर पुरेल. पण सोमवारी येऊन सांगितलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता? म्हणा की आत्ता. ऐकू दे पोरांना."

प्रोफेनं तोंड उघडलं. 'दगडी हात' हे दोन शब्द ओठांवर आले आणि तिथंच अडकले. तो बाकावर बसला. म्हणाला, "मंगळवारी पहिल्याच फेरीला तडकलेल्या पात्याची शीळ ऐकली होती मी. थांबवलं नाही. स्पर्धा जवळ आली म्हणून."

प्रोफेच्या तोंडून असं काही पोरांनी कधी ऐकलं नव्हतं.

मग मागून एक पोरगा हळूच म्हणाला, "प्रोफे, एक बॅटरी फुगलीय. मी कपाटात मागं सारलीय." एक पोरगी म्हणाली, "उतरायचं बटण कधीकधी लागतच नाही." प्रोफे एकेक कागदावर लिहीत गेला. एकदाही ओरडला नाही. शेवटी म्हणाला, "दायाना, बस खाली. तू टीममध्येच आहेस."

कोचाबांबाला कुणी गेलं नाही. दायाना एदसनच्या घरी दोनदा जाऊन आली, दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा त्याच्या आईनं उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

बाबांनो, बायांनो, आपल्या घरीही असंच चालतं, कामावरही. चूक सांगायला आला, त्यालाच आपण आधी झोडतो, आणि वर विचारतो, पोरं खोटं का बोलतात म्हणून. सांगायला आलेल्याला आधी बसायला जागा द्या, ओरडायचं ते मग. एदसनची नजर अशानं परत येणार नाही. दुसऱ्या कुणाची तरी वाचेल.