मागं न पाहता पेरलेलं भात

"शेतात न्यायचं नोको, अप्पाजी. सांगून ठेवतें. प्रेताच्या वाटेवरचं आहे तें."

माझी थोरली बहीण गंगाबाई बोळाच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभी होती. घराच्या कडेनं मागल्या शेताकडं जाणारा तो बोळ इतका अरुंद की दोन्ही भिंतींना तिचे हात टेकत होते. माझ्या हातात घमेलं, घमेल्यात चिखल, चिखलात भाताची रोपं.

"वाट सोड अक्का. मुळं सुकतांत."

"सुकूं देत. मागं शेतात लावलं तर कापून घरातच येणार की. शेजारच्या बायका काय म्हणतील? म्हाताऱ्यानं बायकोस परत बोलावून आणलं म्हणतील."

"आली तर येऊ दे."

असं तोंडून गेलं आणि अक्काचे हात खाली आले. ती बाजूला झाली. मी पुढं गेलो, पण मागं तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं. इन्नंबूरच्या देवळातल्या स्वामीचं नाव घेत होती.

हे कशावरून झालं ते सांगतो.

शिवकामी, माझी बायको, पट्टीश्वरम गावची. लग्न होऊन आली तेव्हा साडीच्या ओटीत तिच्या आईनं दिलेलं दोन मुठी भात होतं. दागिन्यांकडं सगळ्यांचं लक्ष, भाताकडं कुणाचं नाही. रोपाच्या बुंध्याशी जांभळी रेघ आणि लोंबीला लांब काळी कुसं. सहा महिन्यांनी पिकणारं. आमच्याकडं आता असलं भात कुणी लावत नाही, सगळ्यांना चार महिन्यांत कापणी हवी. तिनं मात्र घरामागचा पाच सेंटचा, दोनेक गुंठ्यांचा तुकडा त्यासाठी धरून ठेवला. दर साली लावायचं, खायला थोडं, बाकीचं बियाणं.

ती गावच्या प्राथमिक शाळेत टीचर होती. तेहेतीस वर्षं. पिढ्या तमिळ मुलखात गेल्या तरी घरात आम्ही आमची मराठी बोलतो, शाळेत तिची तमिळ. सकाळी सहाला ती गुडघाभर चिखलात असायची आणि सव्वाआठला पाय धुऊन, नीट साडी नेसून, छत्री घेऊन बांधावर. ऊन असो पाऊस असो, छत्री हातात. तिच्या टोकानं ती लावणीच्या बायकांना चुकलेली ओळ दाखवायची. "हें रोप कुठं चाललं? शाळा चुकवतंय वाटतं." बायका चिखलात वाकलेल्या हसायच्या. मग ती बांधावरून ओळी मोजायची, हजेरी घेतल्यासारखी. लावणीची पुढारीण धनलक्ष्मी खालूनच ओरडायची, "उळ्ळेन अम्मा!" आमच्या इथं शाळेत पोरं हजेरीला तसंच म्हणतात. आहे, अम्मा.

अक्का लहान वयातच विधवा होऊन घरी परत आली. तिला अक्षर येत नाही. शिवकामीनं किती वर्षं मागं लागावं!

"वन्सं, रोज एक अक्षर. बसमध्ये पाटी तरी वाचाल."

"कसाला? यमास अर्ज लिहायचा आहे?"

"त्याच्याकडंही हजेरी असेल की. नाव पुकारल्यावर काय म्हणाल?"

"म्हणेन, माझ्या भावजयीस आधी विचारा. ती सगळ्यांच्या वतीनं बोलते."

हा त्यांचा रोजचा खेळ. मला वाटायचं भांडतात. आता घर गप्प झाल्यावर कळतं.

वैकासीच्या शेवटी, जूनच्या मध्याला, शाळा उघडून चारच दिवस झाले होते. सकाळी शिवकामी चप्पल घालता घालता मला म्हणाली, "बियाण्यास ऊन दाखवायचं आहे. आडीत पेरणी. आठवण करा." मी पंपाचा पट्टा जोडत होतो. "हो," म्हणालो. मान वर केली नाही. ती अंगणापर्यंत गेली आणि तुळशीपाशी खाली बसली. मला वाटलं चपलेचा पट्टा तुटला.

छत्री आधी पडली. मग ती.

डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. आमची एकुलती लेक कीर्ति बंगळूरहून दुपारी आली.

तिरडी निघताना वाटेवर लाह्या उधळायच्या असतात. गावातला लाह्यांचा दुकानदार कुणाच्या लग्नाला गेला होता, दुकान बंद. अक्का म्हणाली, घरीच भाजते. पण भाजायला भात कुठं? हल्ली कापणी झाली की शेतातूनच सगळं जातं आणि खायला तांदळाची पिशवी येते. घरात शिवकामी शाळेच्या वह्या तपासायची त्या टेबलाखाली एक मडकं होतं. त्यावर खडूनं लिहिलेलं होतं, बियाणं, हात लावू नये. अक्कानं पांढरी अक्षरं पाहिली. तीस वाटलं, पोरांचं काही असेल. आत हात घातला तर भात. देवानंच ठेवलं म्हणाली आणि चूल पेटवली.

लाकडं ओली, वाळू तापेना. निम्म्या लाह्या फुटल्या, निम्मं भात तसंच राहिलं. लाह्या कमी पडतात असं पाहून तिनं मडक्यातलं उरलेलं कच्चं भातही सुपात ओतलं, वर लाह्या पसरल्या आणि सूप शेजारच्या मणीच्या हातात दिलं. बायका त्या वाटेनं जात नाहीत. अक्का दारातच थांबली.

आम्हाला मुलगा नाही. अग्नीचं मडकं मीच धरलं. ते धरून पुढं चालणाऱ्यानं मागं वळून पाहायचं नसतं. घरापासून शाळेपर्यंत, शाळेपासून कालव्याच्या बांधानं नदीपर्यंत मी चाललो आणि माझ्यामागं मणी मुठी भरभरून उधळत आला. शाळेच्या फाटकाशी पोरं रांगेत उभी होती, तिथं तिरडी थोडा वेळ थांबवली. मणीनं तिथं सर्वांत जास्त उधळलं, टीचरम्माची शाळा म्हणून. मी समोर पाहत होतो. तिचं चौतीस वर्षांचं बियाणं माझ्या पाठीमागं मातीत पडत होतं.

हे मला महिन्याभरानं, आडी लागल्यावर कळलं. पेरणीची वेळ आली तेव्हा मडकं ओढलं, ते हलकं लागलं. तळाशी एक दाणा नाही.

"अक्का, यातलं भात?"

अक्कानं मडक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. एवढा वेळ लागला तिला उमजायला. "अय्यो," म्हणाली आणि खालीच बसली.

मी तीस काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. न बोललेलंच तीस जास्त लागलं. त्या दिवसापासून ती त्या टेबलाकडं पाहीना.

भाताचं बी एक साल ठेवता येतं. दुसऱ्या साली उगवेल न उगवेल. म्हणून तिनं लावणी कधी चुकवली नाही. गर्भारपणात नाही, वादळाच्या साली नाही. मी पट्टीश्वरमला जाऊन आलो. तिच्या माहेरच्यांनी ते भात वीस वर्षांपूर्वीच सोडलं होतं. शेती खात्याच्या ऑफिसात माणसानं विचारलं, नाव काय भाताचं? नाव मला माहीत नव्हतं. ती "आईचं" म्हणायची.

तेव्हापासून छत्रीचा आवाज सुरू झाला. खोटं कशाला सांगू? सव्वाआठच्या सुमाराला बांधावर चालताना मागं टोक टेकल्याचा आवाज यायचा. टक्. चार पावलं. टक्. मी थांबलो की तोही थांबायचा. छत्री घरात खुंटीला आहे हे मला ठाऊक. भीती वाटायची नाही, लाज वाटायची. आठवण करा म्हणाली होती. मी हो म्हणालो होतो.

एका सकाळी तो आवाज मागं ठेवून मी शाळेपर्यंत गेलो. कालव्याला पाणी आलं होतं, फाटकाजवळच्या हातपंपाखाली गवत माजलं होतं. त्यात बसून एका रोपाचा बुंधा बोटांनी दाबून पाहिला. जांभळी रेघ.

दुसरं पाहिलं. जांभळी रेघ.

मी तिथंच चिखलात बसलो. मग उठून पाहत गेलो. हातपंपाखाली झुबका, गटाराच्या काठानं रांग, बांधाच्या उतारावर कुठं दोन कुठं तीन. बरंच मणीच्या शेळ्यांनी खाल्लं होतं. त्या दिवशी मी मागं पाहिलं नव्हतं, आता तीच वाट पुन्हा चालत होतो आणि ती कुठून कशी गेली ते हिरवं उभं होतं.

मसणवट्याच्या कुंपणापर्यंत गेलो. आत, जिथं तिला अग्नी दिला त्या जागेच्या अलीकडं, राखेच्या मातीत एकच रोप होतं. एकटं, चांगलं वाढलेलं. माझा पाय आत पडेना. तेवढं सोडून मी परत फिरलो, घरून घमेलं आणलं. बाकीची सगळी काढली. एकेचाळीस.

तीच घेऊन येताना अक्का बोळात आडवी आली.

शेतात धनलक्ष्मी आणि तिच्या बायका बांधावर डबा खात होत्या. मी घमेलं खाली ठेवलं. त्यांनी ओळखलं. मला वाटेवरची रोपं काढताना पाहून मणीनं गावभर सांगितलंच होतं.

"ऐया, रागावूं नका," धनलक्ष्मी म्हणाली. "टीचरम्मांनी मला सही करायला शिकवली. पण घरी बाळंतीण सून आहे. ह्याला मी हात लावणार नाही."

"नको लावू. मी लावतो."

"तुम्ही?" मागची एकजण खुदकन हसली. "लावणी बायकांचं काम."

"बायको नाही," मी म्हणालो.

मी धोतर खोचून उतरलो. जन्मभर शेती केली, नांगर धरला, पाणी फिरवलं, पण रोप लावायला कधी वाकलो नव्हतो. पहिलं रोप लावलं ते तरंगायला लागलं. दुसरं आडवं झालं.

"अंगठ्यानं दाबा, अंगठ्यानं!" धनलक्ष्मीला राहवेना. "इतकं खोल नाही, पुरतांत की काय? एक वीत सोडा. ही वीत आहे? म्हशीचं पाऊल आहे! अय्यो, ओळ बघा. टीचरम्मा बघतील तर तुम्हांला बाकावर उभं करतील."

हात न लावता, बांधावरून ओरडत, तिनं माझ्याकडून एकेचाळीस रोपं लावून घेतली. संपल्यावर मी कंबर धरून वर पाहिलं. ओळ अशी वाकडी की पाहवत नव्हती. धनलक्ष्मी माझ्याकडं नाही, माझ्या बाजूला बांधावर पाहत होती, जिथं शिवकामी उभी राहायची. मग डबा उचलून घाईनं निघून गेली.

दर सकाळी सव्वाआठला मी बांधावर जाऊ लागलो आणि मोठ्यानं मोजू लागलो. एक, दोन, तीन. शेळ्या येतील म्हणून मोजतो असं अक्काला सांगितलं. ती परसदारी भांडी घासता घासता ऐकायची. माझ्याशी बोलत नव्हती. पानं पिवळी पडली, पुन्हा हिरवी झाली. एकेचाळीस. रोज एकेचाळीस. आणि रोज ते कुंपणाच्या आतलं एकटं रोप डोळ्यांपुढं यायचं. वर्गाबाहेर राहिलेल्या पोरासारखं.

एकदा जेवताना मी एवढंच म्हणालो, "एक तिथंच राहिलं, अक्का. माझ्यानं आत जाववलं नाही."

ती ताटात पाहत राहिली. "बायका तिथं जात नाहीत," म्हणाली. मी तीस जा म्हणालोच नव्हतो.

पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. मार्गळीच्या थंडीत त्या भाताला लोंब्या आल्या, काळ्या कुसांच्या. पोंगलनंतर कापलं, आता चार बोटं मडक्यात आहे. गावातल्या कुणाला काही झालं नाही. धनलक्ष्मीचा नातू रांगतो आहे.

पण मला सांगायची आहे ती त्याआधीची, आडी संपतानाची सकाळ. रात्री पाऊस पडून गेला होता. मी बांधावर गेलो, मोजायला लागलो. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस.

बेचाळीस.

पुन्हा मोजलं. बेचाळीस. शेवटचं रोप सरळ उभं होतं, शेजारच्यापासून बरोबर एका वितीवर. माझ्या हातचं नव्हे. बुंध्याभोवती आमच्या शेताची काळी माती नव्हती, नदीकाठची राखाडी माती होती. छत्रीचा आवाज येतो का म्हणून मी कान दिला. आला नाही.

मग परसदाराकडं पाहिलं. पायरीवर अक्का बसली होती. आंघोळ करून, ओल्या साडीनं, केस मोकळे, स्मशानातून आल्यावर माणूस करतो तसं. सत्तरीची माझी बहीण, भुताच्या भीतीनं संध्याकाळी परसात न जाणारी. नखांतली राखाडी माती ती काडीनं काढत होती.

मी पुन्हा सुरुवातीपासून मोठ्यानं मोजलं. एकेचाळीसवर थांबलो. मग तिच्याकडं वळलो.

"बेचाळीस," म्हणालो.

अक्कानं मान वर केली. माझ्याकडं नाही. माझ्या डाव्या हाताला, बांधाच्या त्या रिकाम्या जागेकडं पाहिलं आणि एवढ्या वर्षांत जे कधी म्हणाली नव्हती ते हळूच म्हणाली.

"उळ्ळेन अम्मा."